छाटणीचा निर्णय आणि फवारणीचा निर्णय

आलेलं पत्र, थोडं आखूड करून:

"मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची अध्यक्ष आहे. वय ४१. घरची साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं आहेत, बाग अठरा वर्षं मीच बघते. गेल्या जूनमध्ये अध्यक्ष झाले. आधी नऊ वर्षं अण्णा होते. त्यांचं काम एक घाव दोन तुकडे. कुणी काही विचारलं की हो किंवा नाही, विषय संपला. मी चार जणांना विचारते, हिशेब मांडते, मग बोलते. फेब्रुवारीत एक व्यापारी आला. पंचवीस सभासदांचा माल एकदम उचलतो, किलोमागे चार रुपये जास्त देतो, वीस टक्के आगाऊ, बाकी पंधरा दिवसांनी म्हणाला. उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी दोन दिवस मागितले, तो शेजारच्या गावात गेला. तिथल्या लोकांचे पैसे त्यानं पै न् पै चुकते केले. तेव्हापासून टोमणे चालू आहेत. अण्णा भर मीटिंगमध्ये म्हणाले, 'महाराजांनी काय ठराव करून लढाया केल्या?' आता कोल्ड स्टोरेजच्या कर्जाचा विषय आलाय, तिथेही सगळ्यांना घाई. पॅकहाउसचा वजनकाटा बिघडून तीन आठवडे झाले, दोन कोटेशनांत अडकलाय, त्याचंही खापर माझ्यावरच. चांगल्या नेतृत्वाला झटपट निर्णय घेता यायलाच हवेत का? मला जमत नसेल तर खुर्ची सोडावी का?"

प्रिय ताई,

खुर्ची सोडायचा निर्णय तेवढा सावकाश घ्या.

तुमच्या पत्रात तीन निर्णय आहेत आणि तिन्हींना तुम्ही एकच नाव दिलंय: माझा संथपणा. व्यापाऱ्याच्या बाबतीत तुमचं फारसं चुकलं नाही. कर्जाच्या बाबतीत अजून काहीच चुकलेलं नाही. काट्याच्या बाबतीत मात्र सभासदांचं खरं आहे, आणि मला वाटतं टोमण्यांची धार तिथूनच येते. पण काट्याकडे शेवटी येऊ. आधी बागेत जाऊ, कारण तिथे तुम्ही मला शिकवाल.

ऑक्टोबरात रात्री पाऊस पडतो. बाग पोंग्यात किंवा दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या अवस्थेत असते. सकाळी पानं ओली, आभाळ तसंच. त्या सकाळी तुम्ही किती जणांना फोन करता? मला नाही वाटत एकालाही. चहा अर्धा टाकून फवारणीचा ब्लोअर जोडता. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग दिसायची आणि पान उलटून खाली पांढरी बुरशी बघायची वाट पाहिली तर डावणी रोग घडात शिरलेला असतो. दुपारपर्यंत थांबणं हासुद्धा तिथे एक निर्णय असतो, आणि तो महागात पडतो. उलट फवारणी नसती केली तरी चाललं असतं असं नंतर कळलं, तर गेलं काय? औषध, डिझेल आणि एक सकाळ.

त्याच बागेत, त्याच तुम्ही, गोड्या छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची तारीख ठरवायला पंधरा पंधरा दिवस घेता. कात्री लागली की काडी परत जोडता येत नाही. तिथून माल उतरेपर्यंतचे चार-साडेचार महिने त्या तारखेला बांधले जातात: फुलोरा पावसात सापडणार की नाही, मण्यात पाणी उतरताना थंडी किती असेल, तोडणी कोणत्या भावात येईल. सटाण्याकडे आगाप, म्हणजे लवकरचं पीक धरणारे भर पावसाळ्यात छाटतात. धोका त्यांना माहीत असतो, डिसेंबरचा भावही माहीत असतो, आणि तो जुगार ते पूर्ण शुद्धीत खेळतात. तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटता तेव्हा मजूर, पाणी, हवामान सगळं बघून छाटता. तुमच्या घरच्या माणसांनी 'ही बाई छाटणीला फार वेळ लावते' असं कधी म्हटलंय का?

म्हणजे वेगवान की संथ, हा तुमच्या स्वभावाचा प्रश्नच नाही. फवारणीचे निर्णय आणि छाटणीचे निर्णय बागेत तुम्हाला डोळे मिटून ओळखता येतात, मीटिंगच्या खोलीत ओळखता येत नाहीत, एवढीच अडचण आहे. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या एका पत्रात हेच दारांच्या भाषेत सांगितलं होतं: काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही, आणि मोठ्या कंपन्या परत येता येणाऱ्या दारांशीही उगाच घुटमळतात. पुढच्या वर्षी त्यांनी असंही लिहिलं की बहुतेक निर्णय हवी तेवढी माहिती साधारण सत्तर टक्के हातात आली की घ्यावेत. सत्तर टक्के झाली हे मोजायचं कोणत्या काट्यावर, ते त्यांनी सांगितलेलं नाही. तुमचा तर बिघडलेलाच आहे.

आता व्यापारी. त्यानं शेजारच्या गावाचे पैसे चुकते केले म्हणून तुमचा निर्णय चुकीचा ठरला, हे गणित मला मान्य नाही. शिवारात येऊन जास्त भाव बोलायचा, थोडे पैसे आगाऊ टाकायचे, माल उचलायचा आणि मग फोन बंद. नाशिक जिल्ह्यात अशा तक्रारी दर हंगामात पोलिसांकडे जातात आणि आपण त्या पेपरात वाचतो. अनोळखी माणूस, ऐंशी टक्के उधारी आणि वर संध्याकाळची मुदत. हे तिन्ही एकत्र आले तेव्हा तुम्ही बिचकलात, ते शहाणपणाचंच होतं. रेल्वेचं गेट बंद असताना खालून मोटारसायकल काढणारा माणूस सुखरूप पलीकडे पोहोचला म्हणून त्याला कुणी हुशार म्हणत नाही.

पण एक विचारते. ते दोन दिवस तुम्ही काय केलंत? पत्रात ते नाही. माझा अंदाज असा, की तिघा-चौघांना फोन लावले, प्रत्येकानं वेगळं सांगितलं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी आलात. मराठीत थांबणं आणि थबकणं असे दोन शब्द आहेत. बाजार समितीत याचा परवाना आहे का, गेल्या वर्षी यानं कुठे माल उचलला, तिथल्या दोघांचे पैसे वेळेवर आले का, एवढं कळेपर्यंत थांबले, असं सांगता आलं तर ते थांबणं. त्याला दोन दिवसही लागत नाहीत, दुपार पुरते. आपण कशासाठी थांबलोय हेच सांगता येत नसेल तर ते थबकणं, आणि दोन्ही बाहेरून अगदी सारखी दिसतात. तुमच्या सभासदांना फरक कळावा कसा?

दुसरं असं, की तुम्ही सगळी बाग एका दिवशी छाटत नाही. दोन-तीन तुकडे करता, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं, म्हणजे एका पावसात सगळं सापडू नये. मग पंचवीस जणांचा माल एकदम द्यायचा की अजिबात नाही, एवढेच दोन रस्ते त्या दिवशी का दिसले? 'आज पाच जणांच्या बागा उचल, पैसे पूर्ण आले की पुढच्या वीस' हे उत्तर संध्याकाळच्या आत देता आलं असतं. खरा व्यापारी घासाघीस करून तयार झाला असता. नसता झाला तर तेही उत्तरच होतं.

माझाही एक जुना हिशेब सांगते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी खात्यात चोवीस वर्षं काढली. १९९८ ची गोष्ट. स्प्रिंगचा एक लॉट आला, त्यातले चाळीसेक नग आखूड. टेबलावर व्हर्नियर, शेजारी नगांचा ढीग, लाइन बंद, आणि साहेब दारात उभे. मी फोन उचलला आणि बारा वर्षं माल देणाऱ्या त्या माणसाची ऑर्डर बंद केली. दहा मिनिटांत. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'असा निर्णय पाहिजे!' मला आठवडाभर चालताना जमीन लागत नव्हती. महिन्याभरानं कळलं की ड्रॉइंगची जुनी प्रत आमच्याच ऑफिसातून त्याच्याकडे गेली होती. मी स्वतः त्याच्या वर्कशॉपवर गेले. त्यानं चहा दिला, घरच्यांची चौकशी केली, आणि माल द्यायला नाही म्हणाला. पुढचं दीड वर्ष नव्या पुरवठादाराचे गंजलेले स्प्रिंग निवडण्यात आमच्या दोन मुली दिवसभर बसायच्या.

लाइन थांबवणं पटकनच व्हायला हवं होतं. तो फवारणीचा निर्णय. माणूस तोडणं हा छाटणीचा, त्याला आठवडा द्यायला हवा होता. मी दोन्ही एकाच फोनमध्ये उरकले, आणि शाबासकी मिळाली ती नेमकी चुकीच्या अर्ध्या भागासाठी. झटपट निर्णयाचं हे एक आहे, टाळ्या लगेच मिळतात आणि बिल नंतर येतं. बरेचदा बिल दुसऱ्याच्याच नावावर येतं. लासलगावच्या शेजारी राहणाऱ्याला हे मी काय सांगणार? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी अधिसूचना निघाल्यावर दुसऱ्या दिवसापासून लागू झाली. ठरवणाऱ्यांसाठी काम एका कागदात झालं, इकडे लिलाव बंद पडले, आणि बंदी उठायला मे २०२४ उजाडला.

अण्णांबद्दल. त्यांचा राग धरू नका, आणि त्यांचा वेगही खोटा समजू नका. गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. त्याला वाटलं होतं ही माणसं निदान दोन पर्याय तरी मनात तोलत असतील. ती सांगायची, आम्ही निर्णय वगैरे घेतच नाही, काय करायचं ते दिसतं. वर्षानुवर्षं आगी बघून डोळा तयार झालेला असतो, पहिलीच युक्ती बहुधा चालून जाते. तुमचा डोळा अठरा ऑक्टोबरांनी तयार केलाय, म्हणून ओलं पान बघून हात ब्लोअरकडे जातो. अण्णांचा डोळा नऊ वर्षं व्यापाऱ्यांची तोंडं बघून तयार झालाय. तुमचा तिथे अजून पहिलाच हंगाम आहे. अशा ठिकाणी हळू चालण्यात कमीपणा कसला? त्यांचा डोळा उसना घ्या. 'अण्णा, हा माणूस कसा वाटतो?' एवढा एक फोन त्या दुपारी झाला असता तर बातमी लवकर मिळाली असती, आणि टोमणा बहुतेक जन्मालाच आला नसता. मात्र कर्जाच्या कागदांवर अण्णांचा डोळा नऊ वर्षांत किती तयार झाला, हेही हळूच बघून ठेवा. एका कामातला सराव दुसऱ्या कामात चालतोच असं नाही. घात बहुधा तिथेच होतो, कारण आत्मविश्वास तेवढाच असतो.

आणि महाराजांचं म्हणाल, तर शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला मे १६६० मध्ये. लाल महालावरचा छापा ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा. मधली जवळजवळ तीन वर्षं खान महाराजांच्या लहानपणच्या वाड्यात मुक्कामाला होता. त्या काळात महाराज हात बांधून बसले नव्हते, फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाला कोंडलंच होतं. पण शाहिस्तेखानाला हात घातला तो रमजानच्या महिन्यात, रात्री, मोजकी माणसं घेऊन, कोपरा न् कोपरा माहीत असलेल्या वाड्यात. आपल्याला शाळेत ती रात्र शिकवतात, तीन वर्षं कुणी शिकवत नाही. अण्णांना हे मीटिंगमध्ये ऐकवू नका. चहाला बसाल तेव्हा सांगा, त्यांनाही आवडेल.

एक गोष्ट लिहू की नको करत होते, लिहूनच टाकते. अध्यक्षानं वेळ घेतला की तो विचारी माणूस, आणि अध्यक्षबाईनं घेतला की ती घाबरली, हे गावात आहे तसं कारखान्यातही होतं. त्यावर उपाय म्हणून मी एके काळी मुद्दाम ताडकन बोलायला लागले होते. स्प्रिंगवाला त्याच काळातला.

आता कर्ज. हा तुमच्यासमोरचा सगळ्यात मोठा छाटणीचा निर्णय, इथे कुणाच्याही घाईला बळी पडू नका. पण 'विचार चालू आहे' हे उत्तर आजपासून बंद. लोक उशिरानं तेवढे चिडत नाहीत, कधी ठरणार हे कळत नाही म्हणून चिडतात. तारीख जाहीर करा, समजा ३१ मे. त्या तारखेपर्यंत काय काय शोधायचं तेही फळ्यावर लिहा. माझ्या मनात आलेलं सांगते. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. उरलेले आठ महिने त्या खोल्यांत काय ठेवणार? कांदा आपल्याकडे चाळीत राहतो, त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका. डाळिंबवाले भाड्यानं घेतील का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून या. रिकाम्या खोलीचंही वीजबिल काही ना काही येतं, ते कुठल्या तरी चालू कोल्ड स्टोरेजवाल्याला विचारा. आणि सगळ्यात कडू प्रश्न: गारपिटीच्या वर्षी हप्ता कोण भरणार? याचं उत्तर बैठकीत कुणी तरी मोठ्यानं देईपर्यंत सही नाही. अनुदानाची मुदत संपतेय म्हणून सह्या करा असं कुणी म्हणालं, तर अनुदान गेल्यास आपलं किती जातं आणि कर्ज अंगावर आल्यास किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. बाकी काही बोलू नका.

एकतीस तारखेला सगळं समजलेलं नसेल. तरी हो किंवा नाही सांगायचं. छाटणीच्या दिवशी तरी पुढचं हवामान कुठे कळलेलं असतं?

रोजच्या गोष्टींसाठी मात्र निर्णयच नकोत, खुणा हव्यात. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती तुम्ही पाहिलाय. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सगळं नाशिक विचारतं, मारुतीला पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. घाटावरच्या टपऱ्या उचलायच्या कधी आणि भांडी बाजारातल्या दुकानदारानं खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा कधी, हे त्या खुणांवर ठरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पूर्ण बुडाला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं. त्या पावसात चिखलात उभं राहून कुणी मीटिंग घेत नाही. विचार आधीच, कोरड्या दिवसांत झालेला असतो, पूर आला की फक्त मारुतीकडे बघायचं.

तुम्हीही हे कोरडे दिवस वापरा. संचालकांची एक बैठक घ्या आणि खुणा मारून टाका. दुरुस्तीचा खर्च पंचवीस हजारांच्या आत असेल तर सीईओनं परस्पर करायचा, अध्यक्षांना फक्त कळवायचं. उत्पादक कंपनीला कायद्यानं पूर्णवेळ सीईओ ठेवावाच लागतो, मग त्याला फक्त तुमची पत्रं टाइप करायला का ठेवलंय? नव्या व्यापाऱ्याला पहिल्या खेपेला पाच बागांपेक्षा जास्त माल नाही आणि निम्मे पैसे आधी, मग तो कितीही गोड बोलो. पारा पाचाच्या खाली जायचा अंदाज आला की सभासदांना शेकोट्यांचा निरोप कुणी द्यायचा, त्याचं नाव. आकडे तुम्ही ठरवा, माझे अंदाजाचे आहेत. पुढच्या फेब्रुवारीत कुणी 'संध्याकाळपर्यंत सांगा' म्हणाला तर त्याला दहा मिनिटांत उत्तर मिळेल, आणि गावाला वाटेल ताई झटपट झाल्या.

तुमचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. त्यातले दोन विचारात गेले, उरलेले नऊ मी नुसती थबकले होते, म्हणून फार ज्ञान पाजळत नाही.

आता तो काटा. दोन कोटेशनांत फरक किती, हजार-दीड हजार? तीन आठवडे माल दुसऱ्याच्या काट्यावर जातोय, आणि वजनाबद्दल एकदा शंका आली की ती अध्यक्षापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. यातला कुठलाही मिस्त्री चुकीचा निघाला तर पुढच्या वेळी दुसरा बोलवता येईल. हे वाचून झालं की पहिल्याला फोन करा. तो उचलत नसेल तर दुसऱ्याला.